समजते, पण पेपरात आठवत नाही

विद्यापीठाचं वेळापत्रक ठरवताना शेताला कोणी विचारत नाही. कॉलेजचे प्रवेश सुरू होतात तेव्हा घरी पेरणी असते. वर्ग जरा भरू लागले की डवरणी-निंदण निघते. ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी आणि कॉलेजातल्या चाचण्या एकाच पंधरवड्यात येतात, आणि पहिल्या सेमिस्टरचे पेपर लागतात तेव्हा कापसाची वेचणी जोरात असते. दुसऱ्या सेमिस्टरमध्ये हरभऱ्याला ओलित करायला रात्रीची वीज, आणि पेपर ऐन उन्हाळ्यात, अकोला-चंद्रपूरचा पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना. "शेवटच्या आठ दिवसांत बसून काढू" हा हिशेब खेड्यातल्या पोरापोरींनी आळसापोटी मांडलेला नसतो. त्यांच्या हाती सलग मोकळे दिवसच तेवढे येतात. शिवाय दहावी-बारावीला हा हिशेब बऱ्यापैकी जमलेला असतो.

कॉलेजात तो जमत नाही. पेपर झाले की तालुक्याच्या कुठल्याही कॉलेजात एक वाक्य हमखास कानावर येतं: "सर, समजते सगळं, पण पेपरात आठवत नाही." बोलणारा बहाणा करत नसतो, त्याला खरंच समजलेलं असतं. मग आठवत का नाही, याचं उत्तर शोधायला मानसशास्त्राने शंभराहून जास्त वर्षं घातली आहेत आणि ते आता बऱ्यापैकी पक्कं आहे. मात्र ते वर्गात सहसा कोणी सांगत नाही. अभ्यास करा, असं सगळे सांगतात. अभ्यास म्हणजे नेमकं काय करायचं, हे ज्याचं त्याने शोधायचं असतं.

आधी बदललंय काय ते पाहू. शाळेत एका विषयाचं बालभारतीचं एक पुस्तक, आणि ते वर्षभर. कॉलेजात पुस्तक नसतं, सिलॅबस असतो. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर सगळं क्रेडिटमध्ये मोजलं जातं: थिअरीच्या एका क्रेडिटमागे वर्गातले १५ तास, प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटमागे ३०. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट, चार वर्षांच्या ऑनर्सला १६०. म्हणजे एका सेमिस्टरला साधारण २०. ही सगळी थिअरी धरली तरी ३०० तास झाले, ते पंधरा-सोळा आठवड्यांत बसवलेले. त्यात मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), ओपन इलेक्टिव्ह (आवडीने निवडायचा विषय), भाषा, कौशल्याचा एखादा पेपर असे सात-आठ तुकडे. प्रत्येकाचा शिक्षक वेगळा, संदर्भपुस्तकं वेगळी, आणि त्या पुस्तकांची ग्रंथालयात एकेकच प्रत. बारावीला आठ दिवसांत उरकणारं काम इथे आठ दिवसांत मावत नाही, हे झालं साधं गणित. पण वेळ मिळाला तरी जुनी पद्धत तोकडीच पडते, आणि ते कारण जास्त महत्त्वाचं आहे.

ओळखीचं वाटणं आणि आठवणं

एखादा धडा तिसऱ्यांदा वाचला की तो सोपा वाटतो. ओळ सुरू झाली की पुढचे शब्द आधीच कळतात. डोळे सरसर फिरतात, मन म्हणतं, हे येते आपल्याला. मनाला इथे फक्त ओळख पटलेली असते. समोर आलेली गोष्ट ओळखणं हे एक काम आणि समोर काहीच नसताना ती डोक्यातून बाहेर काढणं हे दुसरं काम. बाजारात दिसलेला माणूस ओळखीचा वाटतो, नाव मात्र काही केल्या आठवत नाही. दोन कामं वेगळी असल्याचा हा रोजचा पुरावा. पेपरात कोरी उत्तरपत्रिका असते, म्हणजे तिथे दुसरं काम करायचं असतं. सराव मात्र आपण पहिल्याचाच केलेला असतो.

अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ साली हे मोजून दाखवलं. विद्यार्थ्यांना वाचायला छोटे उतारे दिले, एक सूर्याबद्दल, एक समुद्री ऊदमांजरांबद्दल. एका गटाला वाचनाच्या चार पाळ्या दिल्या. या मुलांनी उतारा सरासरी चौदा वेळा वाचून काढला. दुसऱ्या गटाला वाचनाची एकच पाळी, म्हणजे तीन-चार वाचनं. उरलेल्या तीन पाळ्यांमध्ये उतारा समोर नाही, फक्त कोरा कागद, आणि आठवेल तेवढं लिहायचं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते: ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने परीक्षा घेतली तर चित्र उलटं. चौदा वेळा वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के.

या प्रयोगातला मला सगळ्यात बोलका वाटणारा भाग वेगळाच आहे. आठवड्यानंतर तुम्हाला किती आठवेल, असं आधीच विचारलं होतं. जास्त वाचणाऱ्यांना जास्त खात्री होती. ज्या पद्धतीने कमी राहतं, तीच पद्धत अभ्यास छान झाल्याची भावना देते. पुस्तक मिटून आठवायला बसलं की उलट होतं: अर्धं आठवत नाही, चिडचिड होते, आपण ढ आहोत असं वाटतं. पहिल्या वर्षाच्या मुलांनी ही चिडचिड ओळखून ठेवावी. तेव्हाच खरं काम चाललेलं असतं.

डोक्यातला मजकूर आणि आपण यांच्यामधली वाट ही शेताकडे जाणाऱ्या पांदणीसारखी असते. पेरणीआधी बैलगाडी जाते तेव्हा ती स्वच्छ असते. पावसाळ्यात दोन महिने कोणी फिरकलं नाही की तरोट्याचं तण कमरेएवढं वाढतं. शेत जागेवरच असतं, जायला वाट नसते. बांधावर उभं राहून शेत चौदा वेळा पाहिलं तरी तरोटा कमी होत नाही, त्यासाठी पांदणीतून चालावंच लागतं. आठवून पाहणं म्हणजे ते चालणं. आणि वाट पूर्ण बुजण्याआधी, पण थोडं गवत आल्यावर चाललं तर ती जास्त काळ टिकते.

हे शेवटचं वाक्य मी उपमेच्या ओघात लिहिलेलं नाही, त्यामागे मोजमाप आहे. जर्मनीत हर्मान एबिंगहाउस या माणसाने अर्थहीन अक्षरजुळण्या पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ साली निष्कर्ष छापले. एकदा पाठ झालेली यादी पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात, हे तो मोजत असे. वीस मिनिटांनी ५८ टक्के श्रम वाचत, तासाने ४४, एका दिवसाने ३४ आणि महिन्याने २१. विसरणं पहिल्या तासात, पहिल्या दिवसात सगळ्यात वेगाने होतं, पुढे मंदावतं. अर्थ असलेला मजकूर याहून जास्त टिकतो, तेव्हा हे आकडे अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांच्या अर्थविचाराला किंवा पेशीविभाजनाला जसेच्या तसे लावू नयेत. आधी वेगाने, मग हळूहळू विसरण्याचा क्रम मात्र तसाच असतो.

त्यावरून निघणारा व्यवहार असा: एकाच दिवशी तीन तास बसण्यापेक्षा तीन दिवस एकेक तास बसलं तर तेवढ्याच वेळात जास्त टिकतं. मध्ये किती दिवस जाऊ द्यावेत, यावर २००८ साली निकोलस सेपेडा आणि सहकाऱ्यांनी तेराशेहून जास्त लोकांवर मोठा प्रयोग केला. परीक्षा जितकी लांब, तितकं दोन उजळण्यांमधलं अंतर जास्त ठेवलेलं बरं, असं त्यातून दिसलं. आठवड्यावर परीक्षा असेल तर एखाद्या दिवसाचं अंतर पुरतं. महिनाभरावर असेल तर आठ-दहा दिवसांचं. खेड्यातल्या विद्यार्थ्याला ही बातमी सोयीची आहे. सलग मोकळा दिवस त्याच्याकडे नसतो, तुटक तुटक अर्धे तास मात्र असतात, आणि स्मरणशक्तीला तुटक अर्धे तासच मानवतात.

पुस्तक मिटून काय करायचं

एखाद्या युनिटचा चार-पाच पानांचा भाग नीट, समजून वाचा. पुस्तक मिटवा. वापरलेल्या वहीच्या कोऱ्या पानांवर आठवेल ते लिहा. क्रम चुकला तरी चालेल, शब्द आपले असले तरी चालतील. थांबल्यावर लगेच पुस्तक उघडू नका, दोन मिनिटं कळ काढा. बरंचसं याच वेळात वर येतं. मग पुस्तक उघडून राहिलेलं वेगळ्या रंगाच्या पेनाने लिहा. त्या रंगाचा मजकूर हा तुमचा खरा अभ्यास. बाकीचं तुम्हाला येते, त्यावर आज वेळ घालवू नका. दुसऱ्या दिवशी पुस्तकाआधी कोरा कागद घ्या.

पुस्तक उघडून तपासण्याची पायरी गाळू नका. चुकीचं आठवलेलं तसंच सोडलं तर चूकच पक्की होत जाते.

व्याख्या, सूत्रं, सनावळ्या, प्राण्यांची शास्त्रीय नावं यांना कागदाच्या कार्डांची पद्धत बरी. सेबास्टियन लाइटनर या पत्रकाराने १९७२ मध्ये ती लोकप्रिय केली. कार्डं विकत घ्यायची गरज नाही. लग्नसराईतल्या जुन्या पत्रिका प्रत्येक घरात पडलेल्या असतात, कागद जाड, मागची बाजू बहुधा कोरी. छापील बाजू आत येईल असा तुकडा दुमडून चिकटवला की दोन्ही बाजूंनी लिहिता येतं. एका बाजूला प्रश्न, दुसरीकडे उत्तर. तीन गठ्ठे करा. पहिला रोज, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवडी बाजाराच्या दिवशी. उत्तर बरोबर आलं की कार्ड पुढच्या गठ्ठ्यात जातं, चुकलं की थेट पहिल्यात परत. एवढाच नियम. फोनवर हेच काम करणारी ॲप आहेत, ती वापरली तरी हरकत नाही. फक्त तिथे कार्ड बघताबघता बोट दुसरीकडे सरकतं.

एसटीच्या प्रवासात वाचू नका, असं मी सांगेन. आमच्याकडच्या रस्त्यांवर पुस्तक धरलं की डोकं दुखतं आणि काही शिरत नाही. त्यापेक्षा शेजारी वर्गातला कोणी असेल तर "सांग ना बे, परासरण (ऑस्मोसिस) अन् विसरणात (डिफ्युजन) फरक काय?" असं एकमेकांना विचारत जा. एकाला येत नसेल तर दुसऱ्याने लगेच सांगायचं नाही, पुढच्या थांब्यापर्यंत वाट पाहायची. एकटे असाल तर खिडकीबाहेर बघत कालच्या तासाला काय झालं ते मनात मांडून पाहा. पासवर रोज जाऊन-येऊन तास-दीड तास प्रवास करणाऱ्यांची यात चांगली उजळणी होते, आणि रात्री दिव्याखाली बसायचा वेळ वाचतो.

हायलायटरबद्दल एक शब्द, कारण पहिल्या महिन्यात सगळ्यात जास्त खप त्याचाच असतो. जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा प्रचलित पद्धतींवरचं संशोधन तपासलं. स्वतःची परीक्षा घेणं आणि उजळणी अंतराने करणं या दोनच पद्धती वरच्या श्रेणीत आल्या. ओळी रंगवणं आणि पुन्हा पुन्हा वाचणं खालच्या श्रेणीत गेलं. रंगवायला मनाई नाही, पण पान पिवळं झालं म्हणजे अभ्यास झाला असं धरू नका. "मी बघून शिकणारा, ती ऐकून शिकणारी" या वर्गवारीचंही तसंच. तिच्याप्रमाणे शिकवल्याने फायदा होतो असं दाखवणारा भक्कम पुरावा नाही, हे हॅरोल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्येच दाखवून दिलं.

"का?" विचारल्याने पाठांतर कमी होतं

सुटी माहिती पाठ करणं हे सगळ्यात महागडं काम. तिला कारणांनी एकमेकांना बांधलं की वजन अर्ध्यावर येतं. आपल्याच विदर्भातलं उदाहरण घेऊ. बी. ए.च्या इतिहासात या सनावळ्या येऊ शकतात: १८५३ वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात, १८५४ नागपूर खालसा, १८६१ ते १८६५ अमेरिकेतलं यादवी युद्ध, १८६७ नागपूरपर्यंत रेल्वे, १८७७ नागपुरात एम्प्रेस मिल. घोकायला बसलं तर पाच सुट्या ओळी, आणि पेपरात ५३ की ५४ असा गोंधळ ठरलेला.

आता विचारत जाऊ. वऱ्हाड इंग्रजांकडे का गेला? निजामाला आपल्या खर्चाने इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची कंटिंजंट फौज पोसावी लागत होती, तिचं देणं थकलं, त्या देण्यापोटी वऱ्हाडचा कारभार गेला. वऱ्हाडच का? काळी जमीन, कापूस, चांगला महसूल. लगेच पुढच्या वर्षी नागपूर का? डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघुजी भोसले मुलगा नसताना वारले, आणि गव्हर्नर-जनरल डलहौसीने वारसाचा हक्क मानला नाही. म्हणजे ५३च्या अखेरीस मृत्यू, म्हणून ५४ला खालसा. हा क्रम आता उलटा होऊच शकत नाही. अमेरिकेतल्या युद्धाचा इथे काय संबंध? तिथल्या दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, त्यांची नजर इकडच्या कापसाकडे वळली, भाव चढले. मग कापूस मुंबई बंदरात न्यायला रेल्वे हवीच. युद्ध संपल्यावर काय झालं? अमेरिकेचा कापूस परतला, इथले भाव पडले. आणि कापूस जिथे पिकतो तिथेच गिरणी काढावी, हा जमशेदजी टाटांचा विचार १ जानेवारी १८७७ला नागपुरात प्रत्यक्षात आला. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला सम्राज्ञी घोषित केलं, म्हणून गिरणीचं नाव एम्प्रेस.

पाच ओळींची एक गोष्ट झाली. एक सन विसरला तरी आजूबाजूचे सन त्याला शोधून आणतात. शिवाय "अमेरिकन यादवी युद्धाचे विदर्भाच्या अर्थव्यवस्थेवरील परिणाम लिहा" असा प्रश्न आला, जो कुठल्याही गाईडमध्ये तयार नाही, तरी तुम्ही दोन पानं लिहू शकता. विद्यापीठाच्या पेपरात असे फिरवलेले प्रश्न येतात आणि "आयएमपी"च्या झेरॉक्सवर विसंबलेले तिथेच अडकतात.

विज्ञानातही हेच करता येतं. उन्हाळ्यात शेताला एवढ्या भेगा का पडतात, हे घरी आजीला सांगून पाहा. काळ्या मातीतल्या चिकणखनिजांच्या थरांमध्ये पाणी शिरतं तेव्हा ती फुगते, पाणी गेलं की आकसते, इथपर्यंत सगळे येतात. "पण पाणी तिथेच कायले शिरते रे?" असं आजीने विचारलं आणि आपण गप्प झालो, तर नेमकं कुठून वाचायचं ते सापडलं.

गणिताची आणि हिशेबाची वेगळी गोष्ट

गणित, संख्याशास्त्र, अकाउंट्स, भौतिकशास्त्रातली उदाहरणं यांत एक जास्तीची अडचण असते. पुस्तकात एका प्रकारची वीस उदाहरणं एकत्र दिलेली असतात. वर शीर्षकातच पद्धत छापलेली, त्यामुळे कोणती पद्धत वापरायची हा विचार करावाच लागत नाही. पेपरात शीर्षक नसतं. डग रोरर आणि केली टेलर यांच्या २००७ मधल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना चार प्रकारच्या घनाकृतींचं आकारमान काढायला शिकवलं. एका गटाने एकेक प्रकार संपवत सराव केला, दुसऱ्याने सगळे मिसळून. सरावाच्या वेळी पहिल्या गटाची ८९ टक्के उत्तरं बरोबर, दुसऱ्याची ६०. आठवड्याने परीक्षा: पहिला गट २० टक्के, दुसरा ६३.

तेव्हा पद्धत एकदा कळली की तीन-चार उदाहरणं त्याच प्रकारची करा आणि मग मागच्या धड्यांतली मिसळा. चिठ्ठ्यांवर उदाहरणांचे क्रमांक टाकून डब्यातून एकेक उचलली तरी झालं. सोडवण्याआधी तोंडाने म्हणा, हे प्रतियोजनाने (सब्स्टिट्यूशन) सुटेल की खंडशः संकलनाने (इंटिग्रेशन बाय पार्ट्स), हा खर्च भांडवली की महसुली, आणि का. चुका वाढतील. वाढू द्या.

वर्गात आणि वर्गाबाहेर

नोट्सबद्दल थोडक्यात. सगळं उतरवून घ्यायला गेलं की हात चालतो आणि डोकं थांबतं. कॉर्नेल विद्यापीठातले वॉल्टर पॉक यांची सोपी रीत आहे: पानाच्या डावीकडे चार बोटं जागा कोरी ठेवायची, उजवीकडे तासाला लिहायचं, आणि त्याच संध्याकाळी डावीकडे प्रश्न लिहायचे, ज्यांची उत्तरं उजवीकडे आहेत. नंतर उजवी बाजू झाकून डावीकडचे प्रश्न सोडवायचे. वर सांगितलेलं आठवणं यात आपोआप बसतं.

काही कॉलेजांत तासच नियमित होत नाहीत, हेही बोललं पाहिजे. जागा रिकाम्या असतात, तासिका तत्त्वावरचे शिक्षक सेमिस्टर निम्मं सरल्यावर येतात आणि मग तीन युनिट तीन आठवड्यांत संपतात. तुमच्या हातात तेव्हा सिलॅबस असायला हवा. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदियासाठी नागपूर विद्यापीठ. अमरावती, अकोला, बुलडाणा, वाशीम, यवतमाळसाठी अमरावती विद्यापीठ. चंद्रपूर-गडचिरोलीसाठी गोंडवाना विद्यापीठ. आपल्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून आपल्याच वर्षाच्या प्रवेशाला लागू असलेला सिलॅबस उतरवून घ्या. अभ्यासक्रम नुकतेच बदललेले असल्याने वरच्या वर्गातल्या दादा-ताईंचा सिलॅबस तुमचा असेलच असं नाही. युनिटची नावं वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि प्रत्येकापुढे "कोऱ्या कागदावर जमलं" अशी तारीख टाकत जा.

इंग्रजीचं ओझं विज्ञान शाखेत जास्त जाणवतं. एखादं प्रकरण आधी मराठीत समजून घेण्यात कमीपणा नाही. मराठी विश्वकोश फुकट ऑनलाइन आहे, भाषा संचालनालयाचे विषयवार परिभाषा कोश आहेत. कल्पना मराठीत कळली की इंग्रजी पुस्तकातला तोच परिच्छेद निम्म्या वेळात वाचून होतो. मात्र तिथेच थांबू नका. उत्तर इंग्रजीत लिहायचं असेल तर कोऱ्या कागदावरचा सरावही इंग्रजीतच करा, वाक्यं छोटी आणि मोडकी असली तरी. नॅशनल डिजिटल लायब्ररी आणि स्वयम ही सरकारी ठिकाणंही फुकट आहेत. व्हिडिओ असतील तर कॉलेजच्या वायफायवर उतरवून आणा, गावात रेंजच्या नादी लागू नका.

झोपेवर घासाघीस करू नका. १९२४ मध्ये जेन्किन्स आणि डॅलनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात पाठ केल्यानंतर झोपलेल्याला जागं राहिलेल्यापेक्षा कितीतरी जास्त आठवलं, आणि पुढच्या संशोधनाने झोपेत स्मृती पक्की होते हे उचलून धरलं. ओलिताची रात्र असेल तर दुसऱ्या दिवशी नवीन धडा घेऊ नका, फक्त कार्डांचा पहिला गठ्ठा करा. सोंगणीच्या आठवड्यातही तेवढंच. त्या दिवसांत अभ्यास पुढे सरकणार नाही, हे आधीच धरून ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दोन युनिट जास्तीची ओढून ठेवता येतात. पोळ्यानंतरचे आठवडे त्यासाठी बरे.

पेपरच्या महिनाभर आधी मागच्या प्रश्नपत्रिका काढा. अभ्यासक्रम नवा असेल तर प्रश्न जसेच्या तसे येणार नाहीत, पण किती गुणाला किती पानं आणि किती मिनिटं हे त्यातून कळतं. घड्याळ लावून एकेक उत्तर लिहा, पुस्तक दुसऱ्या खोलीत ठेवून. लिहिलेलं शिक्षकांना दाखवा. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण त्यांच्याच हातात असतात आणि उत्तर लिहून आणणारे विद्यार्थी इतके कमी असतात की तासिका तत्त्वावरचे सरसुद्धा चहाच्या सुट्टीत वेळ काढतात. कोणीच भेटलं नाही तर दोघांनी वह्या बदलून सिलॅबस आणि पुस्तक समोर ठेवून तपासा. मैत्रिणीच्या उत्तरात काय राहिलंय ते पटकन दिसतं, आणि ते शोधताना तुमचीही त्या प्रश्नाची आणखी एक उजळणी होऊन जाते.